डावी कळी

त्या मंगळवारी मी पिटकुळीच्या कळ्या खुडत होते आणि हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. कार्तिक महिना, नुकतं फटफटलेलं. झाडावरचं दव माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. यांच्या पायांत वहाणा नव्हत्या, म्हणून मला चाहूल लागली नाही. खाकरले तेव्हा कळलं.

"आज पयलो कौल माझो असा," हे म्हणाले. "गावकऱ्यांचे मागसून."

मी वळून पाहिलं. बोलले नाही. आंघोळ झाल्यापासून कळ्यांचं तबक देवीच्या उंबऱ्याशी ठेवीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा माझा नेम. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी घालून दिलेला. चोवीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. ताप असताना नाही, सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा नाही.

"तू बोलू नको. तुझो नेम माका ठावक असा," हे म्हणाले. "मी नुसता सांगान ठेवलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "चांगल्यो टवटवीत बघून काढ."

आणि विहिरीकडे गेले. काय विचारणार आहात, एवढंच मी तेव्हा विचारायला हवं होतं.

आम्ही गुरव. गावची देवी माउली, तिची पूजा आमच्या घराकडे सात पिढ्यांची. देवी म्हणजे कंबरेएवढा काळा पाषाण, त्याला चांदीचे डोळे. कोणाला काही अडलं की तो देवळात येई. म्हैस हरवलेली असे, मुलीचं स्थळ आलेलं असे, भावाभावांत बांधाचा तंटा असे. हे त्याच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालत आणि पाण्यात भिजवलेली एकेक कळी देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवत. मग सगळे श्वास धरून बघत. उजवी आधी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नकार. कधी कधी दोन्ही कळ्या तासभर हलत नसत, आणि माणूस तिथेच मांडी घालून बसे. देवीने दिलेला कौल कोणी मोडला, असं माझ्या बघण्यात तरी नाही.

कळ्या आणायच्या मी. दोन द्रोण, उजवा आणि डावा, वेगवेगळे. लावायच्या यांनी. आम्हाला मूल नव्हतं. पण सकाळी त्या दोन द्रोणांच्या निमित्ताने आम्ही एका कामात असायचो, आणि मला ते पुष्कळ वाटे.

आता मोबाइलवरच्या खेळाचं सांगायला हवं. क्रिकेटची मॅच असली की अकरा खेळाडू आपण निवडायचे, पैसे भरायचे, ज्याची निवड बरोबर त्याला बक्षीस. गावात तो आला तेव्हा कोणी लपूनछपून आणला नाही. माझ्या माहेरी चुलते मटका लावायचे, तर चिठ्ठी वहाणेच्या तळव्याखाली घालून चालायचे आणि पोलीस दिसला की पाय घासायचे. त्या चिठ्ठीला निदान लाज होती. या खेळाची जाहिरात टीव्हीवर दर दहा मिनिटांनी लागे. आमच्या दहीकाल्याच्या फलकावर देवीच्या फोटोखाली तसल्याच एका कंपनीचं नाव आलं, कारण मंडप त्यांच्या पैशाने उभा राहिला होता. बीटचा हवालदार आमच्या सभामंडपात बसून आपले अकरा निवडायचा आणि इतरांना सल्ला द्यायचा.

पहिल्यांदा कोणीतरी कौल मागायला आला तेव्हा सगळे हसले होते. "गुणाजी, देवीक इचार, कप्तान कोणाक करू?" यांनी सांगितलं, देवीला क्रिकेट कळत नाही. तर मागून एक जण म्हणाला, "तिका बायकांची मॅच इचार मगे, ती सांगात." हेही हसले. पण कौल लावला नाही. त्या दिवशी मला यांचा अभिमान वाटला होता.

पुढच्या पावसाळ्यात यांनी स्वतःच्या मोबाइलवर तो खेळ घेतला. मी कळवळून बोलले. माझं बोलणं मुळातच हळू, घरातल्या घरातही दुसऱ्यांदा सांगावं लागतं. हे शांतपणे म्हणाले, "ह्यो मटको न्हय. कोर्टान सांगल्यान हा, डोक्याचो खेळ म्हणान. सरकार कर कापून घेता. चोरीच्या धंद्याचो कर कोण घेता गो?"

आणि खरंच, गणपतीच्या आधी यांना मोठं बक्षीस लागलं, त्याबरोबर कर कापल्याचा कागद आला. यांनी तो दाखला छापून आणला, हळदकुंकू लावलं आणि देवीच्या पायांशी ठेवला. बक्षिसातून देवळाला पुरुषभर उंचीची पितळी समई घेतली. गावाने यांना नारळ दिला. मुख्य मानकरी तातू परब, ज्यांच्या शब्दावर आमचं गाव उठतं-बसतं, त्यांनी भर सभेत म्हटलं की गुणाजीने घराण्याचं नाव काढलं. मीही मग गप्प बसले. सरकारचा शिक्का आणि देवीसमोर तेवणारी समई, यांत पाप असेल तर दिसलं असतं, असं मला वाटलं. त्या समईत तेल घालायचं मी माझ्या नेमात धरलं.

तेव्हापासून हे दर मॅचला कौल लावू लागले. दुपारी देऊळ रिकामं असताना. मी पोथी वाचत बसलेली असे, मला यांचं पुटपुटणं ऐकू येई. प्रश्न नेहमी एकच. "आये, आज खेळू काय?" उजवी पडली की खेळत. डावी पडली की त्या दिवशी मोबाइलला हात लावत नसत, आणि दुसऱ्या दिवशी सांगत, बघ, काल खेळलो असतो तर गेलो असतो. होय म्हणून हरले, की म्हणत, आपल्या मनात शंका होती म्हणून हरलो.

हरू लागलेत हे मला कळत होतं. किती, ते माहीत नव्हतं. काजूची बाग खंडाने गेली तेव्हा त्यांनी सांगितलं, झाडं म्हातारी झाली. गाय विकली तेव्हा सांगितलं, तुला सकाळच्या नेमातून वेळ कुठे असतो. यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. जेवताना मात्र घास हातात घेऊन बसून राहत. मी हात लावून जागं केल्यासारखं केलं, की खात.

मग तो सोमवार आला. कौलाच्या आदला दिवस.

कुंदा मेस्त्री तिच्या मुलीला घेऊन देवळात आली. सहा वर्षं तिला मूल नव्हतं, मग नवस बोलली, मुलगी झाली आणि तिने देवीला चांदीचा पाळणा वाहिला होता, बोटभर लांबीचा, साखळ्यांसकट. अशा नवसाच्या वस्तूंचा एक डबा आमच्याकडे असे. दृष्टी सुधारली की चांदीचे डोळे, हाड सांधलं की हात नाहीतर पाय, मूल झालं की पाळणा. वर्षभर डबा आमच्या घरात, देव्हाऱ्याखाली. कार्तिकात, जत्रेच्या आदल्या दिवशी, मानकरी येऊन तो उघडत आणि त्या सगळ्या वस्तू माळेत ओवून देवीला घालत, जत्रा झाली की परत डब्यात.

कुंदा म्हणाली, "जयवंतीवयनी, माझो पाळणो जरा काढशात काय? उद्या चेडवाक तीन वर्सां होतत. पाळण्याक हात लावून जावंदे."

हे बाजारात गेले होते. मी घरी येऊन डबा ओढला. तो माझ्या एका हाताने उचलला गेला.

आत जुन्या लुगड्याचे तुकडे होते, आणि त्यांच्या मधोमध डोळ्यांच्या चार जोड्या, एक पाय आणि एक पाळणा. कुंदाचा नव्हे. कुंदाच्या पाळण्याची एक साखळी मीच घासताना वाकवली होती, मला तो अंधारातही ओळखता आला असता. हा दुसऱ्या कोणाचातरी. मी किती वेळ तिथे बसले, आठवत नाही. कुंदाने बाहेरून हाक मारली तेव्हा तो पाळणा पदराने पुसला आणि नेऊन तिच्या हातावर ठेवला.

तिने तो मुलीच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या, मग डोळे मिटून बराच वेळ छातीशी धरला. मी काही बोलले नाही. खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम होता, आणि मी बोललेच नव्हते.

दुपारी हे आले. मी डबा यांच्यासमोर ठेवला. हे खाली बसले. आधी चप्पल काढायची ते विसरले होते, बसल्यावर काढली आणि दाराबाहेर सरकवली.

विचारावं लागलं नाही. सगळं सांगितलं त्यांनी, हळूहळू, मान खाली घालून. श्रावणापासून एकेक नेत होते. आधी न्यायचे ते परत आणायच्या बोलीवर, सोनाराकडे ठेवायचे. मग त्याने वितळवले. मी विचारलं, वितळवताना तुम्ही बघितलंत का. हे म्हणाले, एकदा बघितलं. पाय होता. मग पुढे बघितलं नाही.

जत्रा शुक्रवारी होती. गुरुवारी तातू येऊन डबा उघडणार होते.

मी यांचे पाय धरले. आयुष्यात एवढं सलग मी कधी बोलले नसेन. म्हटलं, "गुरवारच्या आधी तातूंका सांगा. आपल्या तोंडान सांगा. पूजा काढून घेतीत, घेवंदेत. गाव थुकात, थुकांदे. पण तुमी सांगलात तर तुमी रवशात. डब्यान सांगल्यान तर काय रवाचा नाय."

यांनी पाय सोडवून घेतले. मग म्हणाले, "उद्या सांजेक फायनल असा गो. एकच मॅच. सगळा भरून येयत. नवीन करून घालतंय डब्यात, कोणाक कळूचा नाय."

"आणि नाय इला तर?"

हे डब्यातल्या डोळ्यांकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "बघतंय. देवीक इचारतंय."

मी ते धरून बसले. देवीला विचारणार म्हणजे काय विचारणार, हे मला ठाऊकच होतं. वर्षभराहून जास्त तो एकच प्रश्न मी ऐकत होते. "आज खेळू काय?" आणि मला हेही ठाऊक होतं की देवी नको म्हणाली की हे मोबाइलला शिवत नाहीत. माझं रडणं, पाय धरणं, काही चाललं नसतं. डावी कळी चालली असती.

तर मंगळवारची ती सकाळ. मी कळ्या घेऊन देवळात गेले. हे विहिरीवर पाणी शेंदत होते, रहाटाचा आवाज येत होता. उंबऱ्याशी दोन द्रोण मांडले, तबक मात्र हातातच ठेवलं. समई तेवत होती. मग तबकही ठेवलं, नेम सुटला, पण बोलायला समोर कोणी नव्हतं. हे घागर घेऊन आले ते ओलेत्याने सरळ गाभाऱ्यात गेले. मी सभामंडपाच्या खांबाशी हात जोडून उभी राहिले.

यांनी दोन कळ्या पाण्यात बुडवल्या. उजवी लावली. डावी लावली. रोज दुसऱ्यांसाठी मोठ्याने गाऱ्हाणं घालणारा माणूस, त्या दिवशी ओठसुद्धा नीट हलवत नव्हता. डोळे मिटून, हात जोडून, मनातल्या मनात विचारत होता. कानात प्राण आणले तरी मला काही ऐकू आलं नाही.

आणि डावी कळी पडली. यांनी डोळे उघडले न उघडले तोच. पाषाणावरून सुळकन घसरली, जशी कधी घसरत नाही.

मी डोळे मिटले. मनात म्हटलं, आये, झालं.

हे वळले तेव्हा यांचा चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा झाला होता. मला त्याचं नवल वाटलं नाही. हातातला खेळ गेला, वाईट वाटणारच.

"देवी नको म्हणता गो," हे म्हणाले.

मी म्हटलं, "मगे नको."

"नको?"

"ती सांगता ता ऐकाचा," मी म्हटलं. "तिचा नाय ऐकाचा तर कोणाचा ऐकाचा?"

हे माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत काहीतरी विचारणं होतं, ते मला तेव्हा दिसलं आणि कळलं नाही. मग म्हणाले, "बरा. ऐकतंय." आणि पडलेली कळी उचलून कानावर ठेवली, कौल घेतल्यावर आमच्याकडे ठेवतात तशी.

दुपारी हे धुतलेला सदरा घालून बाहेर पडले. मी विचारलं, तातूंकडे काय? हे म्हणाले, जाऊन येतो. मंगळवारचा माझा उपास असतो, संध्याकाळी सोडते. त्या दिवशी मी नाचणीच्या सत्त्वाची खीर केली, यांना आवडते म्हणून. परत आले की माणसाला काहीतरी गोड, मऊ लागेल, असं वाटलं. तातूंनी रागावून घेतलं असेल, कदाचित मारलंही असेल. मारलं असेल तर हळद लावायची म्हणून वाटीत हळदही काढून ठेवली.

हे दिवेलागणीला आले. अंगावर कुठे माराची खूण नव्हती. हातात मोबाइल होता, आणि पेटलेला होता.

"तातूंका सांगल्यात?"

"नाय."

"कित्या नाय?"

हे ओटीवर बसले. मोबाइल मांडीवर ठेवला. "उरलेला सगळा देवन इलंय," म्हणाले. "डोळे, पाय, तो पाळणो. सोनारान आणखी थोडे पैसे दिल्यान, घर गहाण घेवन. सगळे फायनलीक लावले." डब्याकडे मी धावले नाही. जागच्या जागी उभी राहिले.

"देवी नको म्हणाली मा सकाळी," मी म्हटलं.  "खेळू नको म्हणाली मा?"

यांनी मान वर केली. मी काहीतरी अडाणीपणाचं बोलले असं त्यांना वाटलं असावं, इतक्या मायेने बघितलं.

"खेळू काय म्हणान खंय इचारलंय मी?" हे म्हणाले. "मी इचारलंय, आये, तातूंका सगळा सांगान मोकळो होव काय. तू काल पाय धरलंस ना, तेव्हाच ठरवलंलंय. रातभर ता एकच डोक्यात होता. ती होय म्हणाली असती तर थंयसूनच तडक तातूंकडे जाणार होतंय, ओल्या पंचान. पण डावी पडली. कधी पडना नाय अशी पडली. तुया बघलंस ना? वर तूच म्हणालंस, तिचा ऐकाचा." मग मोबाइलकडे बघत म्हणाले, "मी सोडूक गेल्लंय गो. तिना सोडूक दिल्यान नाय."

आत खिरीला उकळी येत होती. तिचा वास ओटीपर्यंत आला.

सकाळी हे विहिरीवर होते, रहाट वाजत होता, तेव्हा मी समईत करंगळी बुडवली होती. डाव्या द्रोणात सात कळ्या होत्या. सातही कळ्यांच्या पाठीवरून ती करंगळी फिरवली, तेलाचा थेंब दिसू नये इतपत. पाणी धरणार नाही, एवढंच. बोट पदराला पुसलं. तबक हातात होतं, म्हणजे नेम चालू होता. मी एक शब्दही बोलले नाही.

रहाटापर्यंत चाळीस पावलं असतील. जाऊन विचारता आलं असतं, काय विचारणार आहात. एक सकाळ नेम मोडला असता.

त्या संध्याकाळी तर कोणताच नेम आड येत नव्हता. मॅच सुरू व्हायला अजून अवधी होता. ते देवीचं सांगणं नव्हतं, माझं तेल होतं, एवढं बोलले असते तर हे कदाचित उठून तसेच तातूंकडे गेले असते. कदाचित. मी तोंड उघडलं. हे माझ्याकडे बघत होते आणि यांच्या कानावर ती कळी अजून होती, सुकलेली. देवी आपल्याशी एवढं स्पष्ट कधी बोलली नव्हती, असं ते स्वतःशीच पुन्हा म्हणाले.

मी आत जाऊन खीर उतरवली.

फायनलमध्ये यांनी कप्तान केलेला खेळाडू तिसऱ्या चेंडूवर बाद झाला. हे ओटीवरून उठले, मोबाइल बंद करून देव्हाऱ्यात ठेवला आणि जेवायला बसले. खीर दोनदा मागून घेतली.

गुरुवारी तातू आणि इतर मानकरी आले. डबा उघडला तेव्हा आत लुगड्याचे तुकडे तेवढे होते. तातूंनी ते एकेक उचलून बघितले, झटकले, घडी करून परत ठेवले, जणू त्यांच्यात काही अडकलं असेल. मग विचारलं, "गुणाजी, खंय गेला सगळा?"

यांनी काही लपवलं नाही. खेळाचं सांगितलं, सोनाराचं सांगितलं, कोणाची वस्तू कधी गेली तेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाले, "तातू, मी तुमका मंगळवारीच सांगणार होतंय. देवीक इचारलंय. ती नको म्हणाली."

कोणीतरी हसलं.  जमलेल्या पुरुषांतल्या निम्म्यांच्या खिशात तोच खेळ होता, हवालदारही होता, पण खिशाला कोणी हात लावला नाही. कुंदा मेस्त्री बायकांत उभी होती. ती यांच्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. सोमवारी तिच्या मुलीच्या कपाळाला कोणाचा पाळणा लावला, हे तिला त्या क्षणी कळलं असणार.

तातू म्हाताऱ्या आवाजात म्हणाले, "चोरी केलंस ती केलंस. वर देवीच्या माथ्यावर घालतंस?" आणि यांच्या कमरेची देवळाची किल्ली त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून घेतली. यांनी हात वर करून त्यांना ती सोडू दिली. मी तेव्हाही उभीच होते.

जाताना तातू माझ्यापाशी थांबले. म्हणाले, "वयनी, तुमचो यात काय दोष नाय. नवो गुरव कोणय येवंदे, कळ्यो तुमीच घाला. तुमचो नेम आमी मोडूचो नाय."

त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण मी मान हलवली, नको म्हणून. लोकांनी त्याला माझा स्वाभिमान म्हटलं.

घर सोनाराने घेतलं. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आम्ही कोल्हापुरात एका मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत राहतो. हे रखवाली करतात, मी पंगतीची भांडी घासते. तो खेळ सरकारने बंद केला म्हणतात. बंद झाला आणि दुसऱ्या नावाने सुरू झाला असंही म्हणतात. यांच्या मोबाइलवर काही ना काही असतंच. पगार हाती पडला की पाच-सहा दिवस टिकतो. मी कधी अडवलं तर हे चिडत नाहीत. म्हणतात, देवीने त्या दिवशी सोडू दिलं नाही, आता माणसाच्या सांगण्याने कसं सुटेल.

कार्यालयाच्या फाटकाशी पिटकुळीचं एक झाड आहे. पहिल्या वर्षीच यांच्या नजरेला पडलं. तेव्हापासून मी आंघोळ केली की हे म्हणतात, "दोन कळ्यो हाड गो." मी आणते. खोलीत पाषाण नाही, म्हणून हे त्या न्हाणीच्या भिंतीवरच्या फरशीला लावतात, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि हात जोडून उभे राहतात. ओठ हलत नाहीत. काय विचारतात, मला माहीत नाही.

कळ्या खुडण्याआधी मी हात साबणाने धुते, मग राखेने, मग पुन्हा साध्या पाण्याने. पदराला लागू देत नाही. तशाच ओल्या हाताने त्या यांच्या तळहातावर ठेवते. तोवर बोलायचं नाही हा नेम अजून आहे. आणि ठेवल्यावर, बोलायची मोकळीक झाल्यावर, मी दाराशी उभी राहून बघते, कुठली आधी पडते ते.